सुपकान्या

९ फेब्रुवारी

चि. बोरूस,

आशीर्वाद आहेतच, पण या खेपेला ते शेवटी घे. आधी बोलायचं आहे.

तुझं पत्र मावशीकडून फिरून पोचलं. लढाईच्या आधी तुझ्या गावाहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला आमच्याकडे असायचा. आता एका कागदाला परक्या देशातून वळसा घेत महिना लागतो. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. तेव्हा मधे कोणीतरी वाचतंय हे धरूनच लिहिते. त्यांनाही नमस्कार.

आम्ही बरे आहोत. माझं दवाखान्यातलं काम चालू आहे. चादरींच्या खोलीत आता दिवसाला तीन वेळा धुणं येतं, यावरून काय ते समज. यांचं घड्याळांचं दुकान उघडं असतं. चिमणीला आठवं लागलं.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात यांच्याकडे एक गिऱ्हाईक कागदात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आलं. कागद तुमच्या बाजूच्या वर्तमानपत्राचा, तो इकडे कसा आला देव जाणे. यांनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि कागद सरळ केला. त्यावर एक शिपाई होता. शिरस्त्राण डोक्यावर नाही, कानांवर टेकलेलं. भुवया मधे जुळलेल्या. पुढच्या दोन दातांत फट, तिच्यातून तो शीळ घालतोय आणि मागे त्याची पलटण उलट्या दिशेला पळतेय. खाली नाव: सुपकान्या. कोपऱ्यात तुझी ती लेखणीची खूण.

यांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "कान बरोबर आलेत."

गिऱ्हाइकाच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांत गल्लीभर झालं. न्हावी म्हणतो, या सुपकान्या, बसा. हे हसतात. पण चिमणी परवा शाळेतून आली ती दप्तर टाकून कोपऱ्यात बसली. वर्गातल्या मुली तिला म्हणाल्या, तुझा बाबा शत्रूच्या पेपरात येतो, म्हणजे तो त्यांच्यातलाच असणार.

मला एवढंच सरळ सांग. ते हेच आहेत का?

तुझी
ताई


१४ मार्च

ताईस साष्टांग नमस्कार,

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग वाईट वाटलं. अगं, सुपकान्या कोणीही नाही. रोज एक चित्र द्यावं लागतं, त्यात शत्रूचा शिपाई ओळखू यायला हवा, म्हणून कान मोठे केले, दातांत फट पाडली. मोठे कान काय जगात एकट्या भावजींना आहेत? आमच्या संपादकांचे कान पाहशील तर हा प्रश्न विचारणार नाहीस. व्यंगचित्र म्हणजे आरसा नव्हे. चिमणीला सांग, मामाने एक गमतीचा माणूस बनवलाय, बाहुलीसारखा.

आणि इकडचंही थोडं ऐक. छापखान्याच्या शेजारची इमारत गेल्या महिन्यात कोसळली. आमचे प्रूफं तपासणारे काका घरी जेवायला निघाले होते, ते जिन्यापाशी सापडले. दहा वर्षं त्यांनी माझ्या चित्रांखालच्या ओळींतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मी छापखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहतो. अजून भिंतीतून वाळू गळते आणि सकाळी कागदावर बारीक थर बसलेला असतो.

भोंगा झाला की आम्ही सगळे तळघरात जातो. तिथे लोकांनी माझी चित्रं भिंतीला चिकटवली आहेत. प्रूफवाल्या काकूही तिथे असतात. नवरा गेल्यापासून त्या कोणाशी बोलत नव्हत्या. मागच्या आठवड्यात सुपकान्या चिखलात रुतलेला पाहून त्या हसल्या. सगळं तळघर त्यांच्याकडे बघायला लागलं. ताई, त्या हसल्या याची मला लाज वाटत नाही.

भावजींना नमस्कार. त्यांनी मनावर घेऊ नये.

तुझा
बोरू


१० एप्रिल

बोरू,

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशी हे लढाईवर गेले. एक्केचाळीस वर्षांच्या माणसालाही आता बोलावतात. घड्याळजी आहे म्हणून बिनतारी यंत्रं दुरुस्त करायला देतील असं म्हणत होते. दिलं जखमींना वाहून आणायचं काम.

त्या काकू हसल्या ते मला समजतं. खरंच समजतं. माणूस बुडत असला की हाताला येईल ते धरतो. पण बाहुलीची गोष्ट मला सांगू नकोस. तुझा पाय मोडला तेव्हा आठ महिने तू आमच्याकडे होतास. उठता येत नव्हतं म्हणून जेवणाच्या टेबलाशी बसून तू दिवसभर यांचाच चेहरा काढायचास, कारण समोर दुसरं काही नसायचं. ते कागद माझ्याकडे आहेत. परवा काढून पाहिले. भुवया, दात, डाव्या कानाची पाळी थोडी दुमडलेली, सगळं आहे. तुझ्या सुपकान्याच्या डाव्या कानाची पाळीही दुमडलेलीच आहे. मोठे कान पुष्कळांना असतात. दुमडलेली पाळी तू कुठून आणलीस?

तू चित्र काढलंस याचा राग वेगळा. मला खोटं सांगितलंस याचा वेगळा.

हे निघताना पिशवी भरत होते. मी विचारलं, बोरूला काय लिहू? म्हणाले, "लिही की मला राग नाही."

तर तो निरोप पोचवला. मला आहे.

ताई


४ मे

ताई,

हो. ते भावजीच आहेत.

पहिल्या दिवशी संपादकांनी दीड तासाची मुदत दिली. शत्रूचा शिपाई काढ, म्हणाले, असा की बघताक्षणी हसू यावं. मी कागद घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं की त्या बाजूचा मला नीट ओळखीचा असा एकच माणूस आहे. माझा हात आपोआप तिकडे गेला. मी थांबवायला हवा होता. थांबवला नाही, कारण चित्र छान जमत होतं. हे लिहायला मला फार जड जातंय, पण तू खरं मागितलंस.

पुढे एकदा कान लहान करून पाहिले. वाचकांची पत्रं आली की आमचा सुपकान्या कुठे गेला. संपादक म्हणाले, लोकांना जे आवडतं त्याला हात लावू नकोस. मी लावला नाही. आतापर्यंत चौऱ्याण्णव चित्रं झाली. प्रत्येक वेळी मी भावजींच्या घरचं अन्न खाल्लेलं आठवून मग त्यांनाच खड्ड्यात पाडलंय, असं काही नाही. तसं आठवत असतं तर बरं झालं असतं. मला काहीच आठवायचं नाही. फक्त रेघ बरोबर आली की नाही एवढंच दिसायचं.

उद्या बंद करतो असं छातीठोक लिहिण्याची हिंमत नाही. पेपरातली नोकरी सोडली की दुसऱ्या दिवशी मला आघाडीवर पाठवतील. मी भित्रा आहे, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

भावजींचा पत्ता कळला तर कळव.

बोरू


११ जून

बोरूस,

यांचं शेवटचं पत्र एप्रिलअखेरचं. त्यानंतर काही नाही. मी दर सोमवारी कचेरीत जाते. तिथे खिडकीमागे एक मुलगी बसते, तिच्यापुढे लांब यादी असते. मेलेल्यांची वेगळी, जखमींची वेगळी. यांचं नाव दोन्हींत नाही. गेल्या सोमवारी तिने तिसरी यादी काढली, बेपत्ता असलेल्यांची. त्यात पान चारवर आहे. ती पोरगी चांगली आहे, माझ्याकडे न बघता सांगते, म्हणजे मला तिच्यासमोर तोंड सांभाळावं लागत नाही.

चिमणीला मी सांगितलंय की बाबा लांब आहेत आणि तिथे टपाल नाही. तिला ते पटलेलं नाही. पटल्यासारखं करते.

तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. राग बराचसा उतरला, खरं सांगितलंस म्हणून. आता एकच मागणं आहे. तो सुपकान्या काढू नकोस. मेलेल्या माणसावर हसू नये, असं मी म्हणत नाही. ते आहेत की नाहीत हेच मला माहीत नाही, आणि तिकडे रोज सकाळी ते नवीन खड्ड्यात पडतात. हे मला सहन होत नाही.

ताई


२० जुलै

ताई,

भावजी जिवंत आहेत. मी त्यांना पाहिलं, खांद्याला हात लावला, तासभर शेजारी बसून बोललो. आधी जाऊन एवढं चिमणीला सांग, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी संपादकांना सांगितलं की सुपकान्या संपला. कारण विचारलं तेव्हा कारणही सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, नवे चेहरे घेऊन ये. गावाबाहेर कैद्यांची छावणी आहे. दोन पानं देतो तुला. हसण्यासारखे चेहरे बघ."

छावणी म्हणजे बंद पडलेली लोकरीची गिरणी. दारावरच्या पहारेकऱ्याने माझं नाव वाचलं आणि त्याला आनंदच झाला. म्हणाला, "साहेब, तुमचा सुपकान्या आमच्याकडेच आहे की." त्याला वाटलं मी खूश होईन. मग त्याने हेही सांगितलं की सुरुवातीला पहारेकरी त्याला रांगेतून पुढे काढायचे आणि दातांतून शीळ घालायला लावायचे, अगदी चित्रातल्यासारखी. ताई, तो हे सांगत असताना मी मान डोलावत होतो.

भावजी एका उंच खिडकीखाली बाकावर बसले होते. पुढ्यात रुमालावर कोणाचं तरी घड्याळ सुटं करून मांडलेलं. भिंग नाही, म्हणून बाटलीच्या बुडाची काच घासून डोळ्याच्या खोबणीत बसवली आहे. वाळलेत. दाढी वाढलीये आणि ती पांढरी निघाली. त्यांनी वर पाहिलं, मला ओळखलं, आणि परत खाली बघत म्हणाले, "एक मिनिट थांब, स्प्रिंग उडेल."

मी थांबलो. मग म्हणालो, भावजी, माझ्यामुळे तुम्हाला इथे... त्यांनी स्प्रिंग बसवली, काच काढून ठेवली. म्हणाले, "शीळ घालायला लावायचे तेव्हा तुझा राग आला होता. खूप आला होता. मग त्यांच्यातल्या एकाने बंद पडलेलं घड्याळ आणून दाखवलं. आता शीळ कोणी मागत नाही." मग माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, आज काय काढायला आलास. मी सांगितलं. ते बाकावर सरकले आणि जागा करून दिली.

"मग बस. हसण्यासारखं दिसेल ते काढ."

मी तासभर काढत होतो. इतकी वर्षं काढलेला चेहरा, पण या वेळी एकेका रेघेसाठी त्यांच्याकडे बघावं लागलं. झालं तेव्हा पाठीमागे दहाबाराजण उभे होते. त्यातला एक सुतार म्हणाला, "माझा काढाल? मी आहे हे घरी कोणाला माहीत नाही." त्याच्यामागे दुसरा. संध्याकाळपर्यंत सतरा झाले. प्रत्येकाने आपल्या हाताने कागदाच्या मागे नाव आणि पत्ता लिहिला.

ते बाहेर न्यायला छावणीच्या अधिकाऱ्याची सही हवी होती. त्याने सगळे कागद उलटसुलट करून पाहिले. भिंती काढल्यात का, पहारे काढलेत का, ते तपासलं. नुसती माणसं होती. मागच्या नावांवर बोट ठेवून बराच विचार केला आणि म्हणाला, "नाव ही काही लष्करी माहिती नाही." केली सही.

संपादकांनी ती चित्रं टेबलावर ओळीने मांडली. वाईट माणूस नाही. त्यांचा पुतण्याही लढाईवर आहे. पण म्हणाले, "हे छापलं तर उद्यापासून लोक कोणावर हसणार?" त्यांनी चित्रं परत दिली आणि माझ्या टेबलाच्या खणाची किल्ली मागून घेतली. आता आघाडीवरचं बोलावणं येईल तेव्हा येईल. लंगडा पाय बघून कदाचित नाकारतीलही. इतके दिवस मी विचारायलाच घाबरत होतो.

सतरा चित्रं सोबत आहेत. पत्ते तुमच्याच गावचे आणि आसपासचे आहेत. तू पोचवशील ना?

बोरू


१६ ऑगस्ट

चि. बोरूस,

अनेक अनेक आशीर्वाद. या वेळी आधीच घे.

चिमणीने बापाचं चित्र पाहिलं, ते शेजारणीकडे घेऊन गेली, तिथून न्हाव्याकडे, तिथून त्या वर्गातल्या मुलींच्या घरी. दोन तासांनी परत आली तेव्हा कागदाचा एक कोपरा मऊ झाला होता. मग जेवली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

बाकीची सोळा आम्ही दोघींनी चार रविवारांत पोचवायची ठरवली होती, पण दुसऱ्याच दिवशी निघालो. हातात असताना झोप लागेना. सुताराची बायको दारात आली, कागद बघितला आणि दार लावून घेतलं. आम्ही जिना उतरायला लागलो तेव्हा दार उघडलं, आणि तिने मला असं धरलं की माझ्या कोटाचं बटण तुटलं. एका म्हातारीने सांगितलं, हा माझा मुलगा नाही, माझा मुलगा अंगाने भरलेला आहे. मग चष्मा लावला. म्हणाली, "केस असे उभे राहतात त्याचे. कितीदा सांगितलं पाणी लाव म्हणून." एका पत्त्यावर घरच उरलेलं नाही. आजूबाजूला विचारलं, कोणाला काही ठाऊक नाही. ते चित्र मी चादरींच्या कपाटात सपाट ठेवलंय. त्या मुलाला तू अजून काही सांगू नकोस.

आता संध्याकाळी आमच्या जिन्यावर बायका बसलेल्या असतात. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. मला विचारतात, तुमचा भाऊ परत कधी जाणार? तुमचा भाऊ, असं म्हणतात हं.

आणि हे सांग. चित्रात यांचा डावा हात खिशात आहे. मी बारा वर्षं बघते आहे, हा माणूस कधी खिशात हात घालत नाही. धंद्यातल्या माणसाचे हात कायम बाहेर असतात. हाताला काय झालंय? मला चांगलं चित्र नको. खरं काय ते लिही.

ताई


२२ सप्टेंबर

ताई,

तुझ्यापासून काही लपत नाही. डाव्या हाताची दोन बोटं गेली आहेत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. जखमीला उचलत असताना झालं. जखम भरली आहे, ताप नाही. त्यांनीच सांगितलं, हात काढू नकोस, ती घाबरेल. मीही ऐकलं. सोबत दुसरं चित्र पाठवतो. यात दोन्ही हात टेबलावर आहेत आणि ते घड्याळ उघडताहेत. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ हसत होते. म्हणाले, "पकडलं बघ तिने." आणि मग स्वतःच हात पुढे ठेवला.

मला आघाडीवर घेतलं नाही. डॉक्टरने मला खोलीत चालायला लावलं आणि घरी पाठवलं. दुकानांच्या पाट्या रंगवतो; फुटलेल्या काचा बदलताहेत, त्यामुळे काम आहे. छावणीच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आठवड्यातून दोन दिवस गिरणीत जातो. आतापर्यंत दोनशे साठ चेहरे झाले. कागद मिळत नाही, तेव्हा छापखान्यातले जुने सोबती मला वाया गेलेले ताव देतात, मागची बाजू कोरी असते. तेव्हा कोणाच्या मागे बातम्या दिसल्या तर रागावू नका. तुमच्याकडच्या हरण्याच्याही असतील.

एक गोष्ट घडली ती सांगतो. गेल्या आठवड्यात प्रूफवाल्या काकू माझ्या खोलीवर आल्या. मला वाटलं, मी शत्रूची चित्रं काढतो म्हणून बोल लावायला आल्या असतील. तसे बोलणारे आहेत इथे. त्या खुर्चीवर बसल्या आणि भिंतीला वाळत लावलेले चेहरे एकेक करून बघत राहिल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा, फेब्रुवारीपासून बेपत्ता आहे. म्हणजे तळघरात त्या हसल्या होत्या, तेव्हा त्यांना हे नुकतंच कळलं होतं. मला माहीतच नव्हतं. मी त्या हसण्याचं किती कौतुक केलं होतं.

त्या म्हणाल्या, "तिकडे असा चित्र काढणारा कोणी नाही का रे?"

ताई, आहे का? त्यांच्यामागून आणखी नऊ बायका येऊन गेल्या. नावं सोबतच्या कागदावर आहेत.

बोरू


१० नोव्हेंबर

चि. बोरूस,

हातांचं चित्र मिळालं. रडले, आणि मग बरं वाटलं. असंच काढत जा.

तुझ्या प्रश्नावर मला एकच नाव सुचलं. चिमणीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. त्यांचा धाकटा भाऊ तुमच्या बाजूच्या गोळीने गेला. हे माहीत असूनही मी गेले. त्या वर्गात एकट्या ब्रश धूत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या भावाला मारलं त्यांची तोंडं मी काढू?" त्यांचं बरोबरच होतं. मी उठले. यांचं चित्र मी दाखवायला नेलं होतं ते टेबलावर होतं. त्या ते माझ्या हातात द्यायला गेल्या, आणि थांबल्या. खिडकीकडे नेऊन पाहिलं.

"तुमच्या भावाला हनुवटी जमत नाही," म्हणाल्या. "मानेचा आधार नाही तिला."

मी म्हटलं, कळवते.

पुढचे दहा दिवस काही नाही. मग एका दुपारी त्या दवाखान्यात आल्या, चादरींच्या खोलीत, आणि विचारलं की आपल्याकडची छावणी कुठे आहे आणि परवानगी कोण देतं. का बदललं मन ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कचेरीतली ती यादीवाली पोरगी मदतीला आली. तिने योग्य खिडकी दाखवली, आणि तुमच्या अधिकाऱ्याने नावांबद्दल जे म्हटलं ते मी इकडच्या अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि सही केली.

सोबत अकरा चित्रं आहेत. प्रूफवाल्या काकूंचा मुलगा यात नाही. पण यातला जो चष्मेवाला आहे, तो म्हणाला की हा मुलगा जूनपर्यंत त्याच्या शेजारीच झोपत होता, मग डोळ्याच्या जखमेसाठी त्याला लष्करी दवाखान्यात हलवलं. बाई मंगळवारी तिकडे जाणार आहेत. काकूंना सांगायचं की थांबायचं, हे तू ठरव. मी असते तर मला लगेच सांगितलेलं आवडलं असतं.

पहिल्या दिवशी बाई छावणीतून परतल्या तेव्हा मी फाटकाशी उभी होते. थोडं अंतर चालल्यावर त्या म्हणाल्या, "फार लहान आहेत हो सगळे."

ताई


२० जानेवारी

ताई,

तुला मी पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं आता भावजींनीच सांगितलं असेल, तरी माझ्या बाजूने ऐक.

काकूंना मी लगेच सांगितलं. तीन आठवडे त्या रोज पोस्टमनच्या आधी माझ्या जिन्यात येऊन बसायच्या. मावशीचं पाकीट आलं तेव्हा मी ते त्यांनाच फोडायला दिलं. सातवं चित्र त्यांच्या मुलाचं. एक डोळा पट्टीखाली. बाईंनी ती पट्टी झाकली नाही, सौम्यही केली नाही, गाठीसकट काढली आहे. काकू पट्टीकडे बघतच नव्हत्या. त्यांनी कागद उलटा केला, मागे मुलाने लिहिलेलं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "वेलांटी चुकवलीये गाढवाने. बापाचा मुलगा शोभत नाही." आणि मग ओंजळीत तोंड घेऊन रडल्या. बाईंना हे नक्की सांग. हनुवटीचंही बरोबर आहे, म्हणावं. मी सुधारतोय.

त्याच आठवड्यात गोळीबार थांबल्याची बातमी आली आणि नंतर कैद्यांच्या अदलाबदलीची पहिली यादी. भावजी त्यात होते, आणि काकूंचा मुलगाही.

गुरुवारी सकाळी मी भावजींबरोबर पुलापर्यंत चालत गेलो. पहारेकऱ्यांनी हरकत घेतली नाही. त्यांच्यातल्या दोघांनी घड्याळं दुरुस्त केल्याबद्दल हात मिळवले. जो दारावर मला हसत भेटला होता, तो पुढे आला, भावजींना काहीतरी सांगायला लागला आणि अडखळला. भावजी त्याला म्हणाले, रोज एकाच वेळेला घड्याळाला किल्ली दे, कमीजास्त देऊ नकोस, म्हणजे दहा वर्षं बघायला नको. मला म्हणाले, लिहीत राहा, तिला तुझी काळजी वाटते.

मग कारकुनाने नावं वाचली. इकडून एक जायचा, तिकडून एक यायचा. मधे दोघे एकमेकांजवळून जाताना जरा थबकायचे. काही जणांनी मानही हलवली. काकूंचा मुलगा आला तेव्हा त्याला एका बाजूचं दिसत नसल्यामुळे तो आईच्या पुढून निघून गेला, आणि काकूंनी त्याचा कोट मागून धरला.

भावजी पलीकडे पोचले तसे गर्दीत दिसेनासे झाले. पुलाच्या त्या टोकाला खूप बायका होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, कडेवर आणि हाताशी मुलं. इतक्या लांबून तू कुठली ते मला ओळखू येईना. म्हणून मी सगळ्यांकडेच हात हलवला.

तिकडून बऱ्याच जणींनी हात हलवला. त्यात तू होतीस ना?

तुझा
बोरू